दादाच्या गोलामागे

धानोऱ्याच्या स्टँडवर बस मागे येऊन वळली आणि माझी खिडकी पलीकडच्या बाजूला गेली. आई-बाबा बसला वळसा घालून पुन्हा माझ्या खिडकीखाली येऊन उभे राहिले. बस सुटेपर्यंत बाबांनी पत्र्यावर हात ठेवला होता. कोणीतरी विचारलं तर म्हणाले, "शिकाले चालली. आमच्यात पहिलीच." माझ्या मोठ्या भावाने, दादाने, पेटी सीटखाली सरकवली आणि मागे न बघता तो उतरला. बारावीनंतर तो थांबला म्हणून मी जाऊ शकले. हे आमच्या घरात कोणी बोलून दाखवत नाही.

त्याला आता तीन वर्षं होतील. मी बल्लारपूरला हॉस्टेलमध्ये राहते. मेस, प्रॅक्टिकल, असाइनमेंट हे शब्द आता सहज तोंडात येतात. वर्गात मी "मला" म्हणते आणि फोनवर आईशी "मले". आपल्या गावात, बोडीटोल्यात, राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या सगळ्यांना मला एका फुटबॉल मॅचबद्दल लिहायचं आहे. मी त्यात खेळले नाही, फक्त बसले होते. पण कुठे बसले होते, यावरच सगळं आहे.

आपल्या गावची रीत तुम्हाला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. धान निघालं की बांधीतच, म्हणजे धानाच्या रिकाम्या शेतातच, आपलं मैदान होतं. बांबूचे दोन गोल. एका गोलामागे बोडी, म्हणजे गावचं तळं, आणि दुसऱ्यामागे बोरीची काटेरी झुडपं. बॉल एकच. तो पाण्यात गेला तर खेळ थांबायचा, काट्यात गेला तर संपायचा. म्हणून गावातले लोक आपल्या गोलकीपरच्या मागे ओळीने बसून अंगावर बॉल अडवायचे. हाफटाइमला गोल बदलला की अख्खं गाव उठून कीपरबरोबर दुसऱ्या टोकाला जायचं. आपला कीपर दादाच. बाबा म्हणायचे, "दहा जणं पळतेत, एकटा उभा राहते. त्याच्या पाठीशी कोणी पाहिजे."

मागच्या वर्षी बोडीटोल्याचा संघ बल्लारपूरच्या एका स्थानिक स्पर्धेत आला. पिकअपमधून तीसेक माणसं आली, बायकाही. मी हॉस्टेलच्या मुलींबरोबर पायऱ्यांवर बसले होते, माईकच्या टेबलाजवळ. आमचे लोक दादाच्या गोलामागे मातीत बसले होते. हाफटाइमला दादा पलीकडच्या गोलाकडे निघाला आणि ते सगळे उठले. पाण्याच्या कॅन, पिशव्या, खांद्यावर दुपट्टे घेऊन, मैदानाच्या मधून, एका रांगेत.

बल्लारपूरच्या त्या मैदानाला दोन्ही गोलांमागे जाळी आहे. बॉल कुठेही जात नाही. पण हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी ते उठलेच असते.

माईकवाला म्हणाला, "मोर्चा कुठी निघाला, भाऊ? कलेक्टर ऑफिस तिकडं नाई." अख्खं मैदान हसलं. बाबा थांबले, इकडेतिकडे बघून त्यांनीही थोडं हसल्यासारखं केलं आणि पुढे चालायला लागले. माझी रूममेट स्नेहल हसता हसता माझ्या खांद्यावर कलली. आणि मीही हसले. जागची उठले नाही. आपण तीन-शून्यने हरलो. मी नंतर पिकअपपाशी गेले आणि प्रॅक्टिकल होतं, आत्ताच आले, असं खोटं सांगितलं. आईने मला उकडलेल्या शेंगांची पिशवी दिली.

त्यानंतर वर्षभर मला सूड हवा होता. हा शब्द लिहायला संकोच वाटतो, पण दुसरा सापडत नाही. लायब्ररीत पुस्तक उघडं असताना मला तो आवाज ऐकू यायचा. तो माणूस रस्त्याने स्कूटरवर दिसला की मी उभी राहून त्याच्या पाठीकडे बघत राहायची. त्याच माईकवरून, त्याच आवाजात, त्याला "बोडीटोला विजयी" म्हणायला लागावं. मी तेव्हा समोर असावं, आणि त्याने माझ्याकडे बघावं. मी देवाकडे पास होणंसुद्धा एवढं मागितलं नव्हतं.

यंदा फेब्रुवारीत संघ पुन्हा आला. मी मनात ठरवून पायऱ्यांवर बसले होते. हाफटाइमला आपले लोक उठले की मीही उठणार, सगळ्यांसमोर. पहिल्या हाफमध्ये गोल झाला नाही. शिट्टी वाजली. दादा हातमोजे सारखे करत पलीकडच्या गोलाकडे निघाला.

आणि कोणीच उठलं नाही. आपले लोक होते तिथेच, शहाण्या मुलांसारखे बसून राहिले. आईने पदर पुढे ओढला. बाबा खाली बघत गवताची काडी मोडत होते.

ते तसे बसलेले बघून मला जो राग आला, तसा मागच्या वर्षीही आला नव्हता. मी उठले. स्नेहलने विचारलं, "कुठे?" मी म्हणाले, "तिकडे माझा भाऊ आहे." तीन वर्षांत हे मी तिला पहिल्यांदा सांगितलं.

मैदान मधून ओलांडायला किती वेळ लागतो ते बसलेल्याला कळत नाही. शिट्ट्या आल्या. माईकवरून आवाज आला, "ओ ताई, खेळाडू कमी पडले काय?" मी पोचले आणि दादाच्या गोलामागे मातीत बसले. दादाने एकदा वळून बघितलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

थोड्या वेळाने शेजारी सावली पडली.

"सरक," बाबा म्हणाले.

त्यांच्या मागे आई, तिच्या मागे बाकीचे. माईकवाला पुन्हा काही बोलला असेल, मी ऐकलं नाही. मी बाबांना विचारलं, मघाशी काऊन नाई उठले? ते म्हणाले, "तुया दादानंच सांगतलं होतं. यंदा उठू नका, लोक हासतेत."

शेवटच्या काही मिनिटांत पलीकडे आपला गोल झाला. आम्हाला तो दिसलाच नाही. नुसती धूळ उडाली आणि आपली पोरं एकमेकांवर पडली. आपल्या रीतीत हे असंच असतं. आपण केलेला गोल लांब होतो, जवळून दिसतो तो फक्त अडवलेला बॉल. त्यानंतर दादाने दोन अडवले, त्यातला एक तोंडावर. शिट्टी झाली तेव्हा त्याच्या ओठातून रक्त येत होतं.

मी धावत माईकच्या टेबलाजवळ गेले. त्याने जाहीर केलं, "बोडीटोला विजयी." मी त्याच्या अगदी समोर उभी होते. म्हणाले, "भाऊ, मागच्या वर्षी तुम्ही ज्यांना मोर्चा म्हणाले ना, मी त्यांच्यातली."

तो वायर गुंडाळत होता. त्याने खरोखर आठवून बघितलं. "कोणता मोर्चा, ताई?" मग चांगुलपणाने म्हणाला, "चांगले खेळले तुमचे पोरं."

वर्षभर जपलेला सूड घेऊन मी तिथे उभी राहिले, आणि तो घ्यायला समोर कोणी नव्हतं.

पिकअपपाशी दादा ओठावर दुपट्टा दाबून बसला होता. मी त्याला पाणी दिलं. त्याने चूळ भरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मागच्या साली तू पायरीवर बसून हासून राह्यली होती. लाल ओढणी. गोलातून सगळं दिसते मले."

मला ती ओढणी आठवतही नव्हती.

"आईले सांगतलं का?" मी विचारलं.

"नाई." त्याने बाटली परत दिली. "पर मी इसरलो नाई, अन् इसरणार बी नाई."

पिकअप सुटली तेव्हा तो माझ्या बाजूला पाठ करून बसला होता. वळणावर गाडी वळली, आणि बाबा जागेवरून उठून, माणसांवरून पाय टाकत, माझी बाजू आली तिथे येऊन बसले. दादा हलला नाही.

तुम्ही विचारता, आता घर कुठलं वाटतं. बल्लारपूरमध्ये माझं वाईट वागणं संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही. त्या माणसाला मी वर्षभर शिव्या दिल्या, आणि त्याला माझं नावही माहीत नाही. दादाने माझं हसणं ओढणीच्या रंगासकट वर्षभर सांभाळलं, आणि तरी आईला सांगितलं नाही. माझ्यावर एवढा राग जपणारं या जगात एकच ठिकाण आहे. मे महिन्यात परीक्षा संपली की मी तिथे जाणार आहे, आणि दादा माझ्याशी नीट बोलेपर्यंत त्याच्या मागे बसणार आहे.