तीन बाटल्या आणि फवारणीचा डबा

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. त्या दिवसाचं काम एकच: गाडी जवळच्या जाम गावी मिस्त्रीकडे न्यायची आणि संध्याकाळच्या आत धड करून आणायची. शनिवारी सकाळी सेवाग्रामच्या दवाखान्यात वेळेवर पोहोचायचं होतं आणि त्यात मागेपुढे चालणार नव्हतं.

सेवाग्रामला जायचं ते भासऱ्यांच्या डायलिसिससाठी. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. दर बुधवारी आणि शनिवारी, गेली दोन वर्षं. जाऊबाई गेल्या, त्यांच्या मुली सासरी आहेत, माझा नवरा नोकरीपायी चंद्रपूरला असतो आणि रविवारीच घरी येतो. गाडी चालवणारी घरात मी एकटी. जुनी, पांढरी, पेट्रोलवरची लहान गाडी. दोन वर्षांत तिने एकदाही दगा दिला नव्हता.

बुधवारी मात्र ती वाटेत तीनदा बंद पडली. आम्ही पोहोचलो तोवर त्यांची पाळी निघून गेली होती. मशीन रिकामं होईपर्यंत भासरे बाकावर बसून राहिले. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. मशीन मिळालं, पण नर्सने मला बाजूला घेऊन सांगितलं की पाळी चुकली तर छातीत पाणी भरायला फार वेळ लागत नाही. उशीर परवडेल, चुकणं नाही. मी ते ऐकून घेतलं आणि घरी परत येईपर्यंत आरशात त्यांच्याकडे पाहत राहिले.

आरशातच, कारण ते मागे बसतात. आमच्याकडे भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, भासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही. डोक्यावरचा पदर केव्हाच गेला, पण बोलणं काही सुरू झालं नाही. सव्वीस वर्षं झाली, त्यांना काही सांगायचं असलं की ते भिंतीला सांगतात आणि मी दाराला. गाडीत ते मागच्या सीटवर डावीकडे, पाठीला उशी लावून बसतात. "ऊन लागून राह्यलं" असं खिडकीला म्हणाले की मी गाडी थांबवून काचेला टॉवेल लावून देते. "भूक लागली असंन कोणाले" असं मी आरशाला म्हटलं की ते पिशवीतला डबा उघडतात. एवढ्यावर आमचं नीट चालतं.

याचा अर्थ आमच्यात काही वाकडं आहे असा नाही. उलटच. मी गावात पिठाची गिरणी टाकली तेव्हा पारावर बरंच हसू झालं होतं. बाई गिरणी चालवणार म्हणजे पट्ट्यात पदर जाणार, वगैरे. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत एकही गिऱ्हाईक आलं नाही. मग भासरे डोक्यावर ज्वारीचं पोतं घेऊन, भर पारावरून चालत आले, पोतं उंबऱ्यात टाकलं आणि दरवाजाला म्हणाले, "पीठ बारीक पाह्यजे." संध्याकाळी रांग लागली. त्या पोत्याबद्दल मी त्यांना कधी काही बोलले नाही. दोन वर्षं गाडी चालवते आहे, तेच माझं बोलणं.

गाडीचा आवाज दसऱ्यानंतर सुरू झाला. चढावर इंजिनातून टकटक यायची, जशी हलत्या डब्यात सुपारी. सकाळी सुरू व्हायला दोन-तीन सेल्फ लागायचे. जामच्या चौकात गाड्यांच्या सामानाचं एक दुकान आहे. सीट कव्हर, कूलंट, आरशाला टांगायच्या लिंबू-मिरच्या, सगळं मिळतं. दुकानदाराने आवाज न ऐकताच निदान केलं.

"वहिनी, इंजिन थकलं आहे. ही ऑक्टेन बूस्टरची बाटली फुल टाकीत टाका. ऑक्टेन वाढलं की गाडी पळालीच समजा."

भासरे मागून पुढच्या सीटला म्हणाले, "थकलेल्याले दवाई लागतेच."

मी घेतली. गिरणीत मोटर वेगळी वाजली तर मी आधी पट्टा पाहते, मग बेअरिंग, आणि शेवटी माणूस बोलावते. पण गाडीच्या बाबतीत बाटलीवरच्या लाल घोड्यावर विश्वास ठेवला. टाकी फुल केली, बाटली ओतली आणि खरंच आठवडाभर बरं चाललं. मग पुन्हा टकटक. दुसरी बाटली टाकली, तेव्हा टाकी अर्धीच होती. काडीचा फरक नाही. तरी तिसरी घेऊन ठेवली. तीच पिशवीत टाकून मी शुक्रवारी मिस्त्रीकडे गेले. भासऱ्यांना घरी राहा असं दाराला दोनदा सांगितलं, पण ते आधीच उशी घेऊन मागे बसले होते.

मिस्त्री साठीचे आहेत. अर्धं आयुष्य ट्रॅक्टरवर हात बसलेला. त्यांनी माझ्या हातातली बाटली पाहिली आणि हात पुसला, पण ती घेतली नाही.

"ठेवा ते ताई पिशवीत. पह्यले गाडी काय म्हणते ते ऐकू."

"ऑक्टेन कमी पडून राह्यलं म्हणे तिले."

"कोण म्हणे? इकणारा?" त्यांनी बॉनेट उघडलं. "ऑक्टेन म्हणजे ताकद नाई. इंजिनात पेट्रोल दाबलं का ते किती दम धरते, ठिणगीच्या आधीच आपल्या मनानं पेटत नाई, त्याचा तो आकडा. तुमच्या इंजिनाले जितका दम लागते तितका पंपावरच्या साध्या पेट्रोलमंदी हाय. आता इथेनॉल आलं, तं थोडा जास्तच हाय. दोन भाकरीची भूक, तुमी पाच वाढून राह्यल्या."

"मग पह्यल्या बाटलीनं फरक काऊन पडला?"

"तवा टाकी फुल केली असंन."

"केलती."

"मंग ताज्या पेट्रोलनं पडला. नाव बाटलीचं झालं."

मला राग आला तो स्वतःचा. इतकं साधं माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी विचारलं, या बाटल्या सगळ्याच खोट्या का?

"साऱ्या नाई. मोठ्या दाबाच्या गाड्या असतात, त्याहिले भारी पेट्रोल लागते, नाई भेटलं तं बाटली कामी येते. अन् इंजेक्टर साफ कराची दवाई वेगळी असते. गाडी लय चालली, घाण बसली, तं मी सोता टाकतो एखाद्या वेळी. पण रोग पाह्यल्याबिगर दवाई म्हणजे..." ते भासऱ्यांकडे पाहून थांबले. भासरे बाकावर बसून बँडेज लावलेला हात मांडीवर ठेवून ऐकत होते. "बोला, बोला," ते म्हणाले, "मले सवय हाय."

मिस्त्रींनी टाकीतून नळीने थोडं पेट्रोल काढून पाण्याच्या पारदर्शक बाटलीत घेतलं आणि ती कट्ट्यावर ठेवली. चहा मागवला. चहा होईपर्यंत बाटलीत दोन थर झाले. वर निळसर पेट्रोल, खाली बोटभर गढूळ पाणी.

"ताई, हे कोणत्या पंपावरचं?"

"इथलंच. चौकातलं."

"पंपावरचं नाई हे. याच्यात पाणी हाय, अन् निळा रंग हाय तो टू-टी ऑइलचा. हे फवारणीच्या पंपाचं पेट्रोल हाय."

कपाशीवर फवारायचा आमचा पंप पेट्रोलवर चालतो आणि त्याच्या पेट्रोलात ऑइल मिसळून ठेवावं लागतं. हंगाम संपला की उरलेला डबा शेडमध्ये पडून राहतो. यंदा दोन डबे उरले होते. एकाचं झाकण पोळ्यापासून हरवलं होतं, त्यावर मीच फडकं बांधलं होतं. शेडची किल्ली दोघांकडे असते. एक मी.

मी बाकाकडे पाहिलं नाही. मिस्त्रींना म्हटलं, "विचारा बरं, शेडातल्या डब्याले कोणी हात लावला का?"

भासऱ्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "मिस्त्री, सांगा तिले. म्या टाकलं."

"कवापासून म्हणावं?"

"दसऱ्यापासून. मंगळवारी अन् शुक्रवारी, जायच्या आदल्या दिवशी. लोटाभर, लोटाभर."

"काऊन म्हणावं?"

"सांगा तिले का डब्यातलं नासून चाल्लं होतं. अन् गाडी तं मह्यासाठीच पळते."

मिस्त्री एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होते. त्यांनी पाना ठेवून दिला. "तुमच्या दोघांच्या मधात मी काय मोबाइल हाव का? दोन हातावर बसले, सोता बोला ना."

भासरे जमिनीकडे पाहत होते. मग हळूच मिस्त्रींनाच म्हणाले, "दोन वर्सं झाले, नुसता बसून जातो अन् बसून येतो. उचलाले काई भेटत नाई. वजन उचलू नका म्हणतात. लोटा उचलता येते."

मला ज्वारीचं पोतं आठवलं. आणि हेही लगेच लक्षात आलं की या भल्या माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःचीच पाळी चुकवत आणली होती, आणि मी गाडी बाटल्यांनी बरी करत होते. त्यांनी लोटा मला दाखवून ओतला असता तर मी पहिल्याच दिवशी हात धरला असता. दाराला आणि भिंतीला सांगायची सवय इथे आमच्या अंगाशी आली होती.

मी वळले आणि त्यांच्याकडे पाहून म्हटलं, "भाऊजी, गाडीत काही टाकायचं असलं तर मले सांगून टाकत जा."

आवाज मला वाटला त्याहून मोठा आला. ते दचकले. मग म्हणाले, "बरं." मला म्हणाले, मिस्त्रींना नाही.

मिस्त्रींनी टाकी रिकामी करून धुतली, थोडं ताजं पेट्रोल घातलं, फिल्टर बदलला, काळे पडलेले प्लग घासून लावले. इथेनॉलचं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, फडक्याने ते अडत नाही, हे त्यांनी मला काम करता करता सांगितलं. तो दोष माझा, लोट्याचा नाही, हे मी भासऱ्यांना ऐकू जाईल असं बोलले. तिसरी बाटली मी परत करायला गेले तर दुकानदाराने घेतली नाही. मला आणखी एखादी बाटली घ्यायला लावून टाकीत ओतणं मिस्त्रींना सोपं होतं, काम कमी आणि गिऱ्हाईक खूश. त्यांनी ते केलं नाही. पेट्रोल काढून थर बसेपर्यंत चहा पाजला. आमच्या घरातला एक माणूस शनिवारी वेळेवर मशीनवर जाणार होता तो त्या चहामुळे. मी त्यांना पुढच्या आठवड्यात पाच किलो मिरची कुटून देणार आहे, फुकट. नको म्हणाले तर त्यांच्या बाकावर ठेवून येईन.

शनिवारी सकाळी मी आधी शेडमध्ये गेले. दोन्ही डब्यांवर ऑइलपेंटने "फक्त फवारणी" लिहिलं आणि झाकण नसलेला डबा उपडा केला. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. उशी मी पुढच्या सीटवर ठेवली होती. भासऱ्यांनी ती उचलली आणि परत मागे नेली. जामच्या चौकात पेट्रोल घ्यायला थांबले तेव्हा गाडीतून उतरले नाही, टाकीची किल्ली मागे दिली आणि म्हटलं, "भाऊजी, झिरो पाहा अन् फुल भरून घ्या." ते सावकाश उतरले, नळी लागेपर्यंत आकड्यांकडे पाहत उभे राहिले, झाकण स्वतः लावलं, दोनदा फिरवून पाहिलं. मग माझ्या खिडकीशी येऊन किल्ली दिली आणि म्हणाले, "भरलं." मी गाडी सेवाग्रामच्या रस्त्याला लावली.