काटा थंड होता

मित्रांनो, आज सकाळी सेवाग्राम रोडवर माझी कार बंद पडली. बॉनेटमधून वाफ निघत होती आणि डॅशबोर्डवरचा काटा मात्र इंजिन थंड असल्याचं दाखवत होता.

मेकॅनिकने इंजिनावरच्या तापमानाच्या सेन्सरचा प्लग काढला, चावी लावून त्या प्लगच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या. काटा सरळ वर गेला.

"काटा बरोबर हाये काका, सेन्सर गेला." दोन मिनिटांचं काम.

मला देवराव आठवला. आठवला म्हणजे काय, विसरलो कुठे होतो.

त्र्याऐंशी साली मी वर्ध्यात सरकारी ऑफिसात इंजिनियर होतो. गिरडहून येताना ऑफिसच्या एका जीपचं इंजिन तापून जाम झालं. चौकशी माझ्याकडे आली. ड्रायव्हर देवराव म्हणाला, "साहेब, काटा थंडच दाखवून राह्यला होता. सेन्सरची वायर काढून इंजिनाले टेकवून पाहा न. काटा वर गेला तर समजून जा, सेन्सर खराब हाये."

ड्रायव्हर मला शिकवतो, याचाच राग आला. मी लिहिलं, चालकाचा हलगर्जीपणा.

त्याला पुन्हा स्टिअरिंग मिळालं नाही. रिटायर होईपर्यंत तो गेटवर होता. माझी जीप आली की फाटक उघडायचा, सलाम करायचा. मी मान हलवून आत जायचो.

चौकशी चालू होती तेव्हा ती बंद जीप माझ्या खिडकीखालीच उभी होती. फार तर वीस पावलं.

तुमच्या टेबलासमोर असं कोणी काही सांगत उभं असतं, तेव्हा तुम्ही खुर्चीतून उठता का?