वरवंटा निजवून पाहिलेला पाळणा

वैजनाथनं वाळूजची नोकरी सोडली, तेव्हा त्याच्या आईनं, कालिंदीबाईंनी, आधी अबोला धरला. मग बोलल्या, तेव्हा वाटलं अबोलाच बरा होता.

"पिढ्यान्‌पिढ्या पूजा सांगणारं घर हे. आणि तू पंचेचाळिशीला आलास नि रंधा मारत बसणार? लोक काय म्हणतील, वैजू?"

लोक म्हणायचं ते म्हणोत, वैजनाथचा जीव त्या कंपनीत कधी रमलाच नाही. लोखंडी सुटे भाग मापायचे, केसाएवढा फरक दिसला की बाजूला काढायचे, यातच सगळी उमेद सरत चालली होती. रविवारी मात्र तो रामकिसन मिस्त्रींकडे जाऊन बसायचा. करवत धरायची कशी इथपासून मिस्त्रींनी त्याला शिकवलं, वर बोलणीही खाऊ घातली. अंगभर सागाचा भुसा घेऊन घरी आलेला वैजनाथ पोरासारखा खूश असायचा. बायको सावनी शाळेत शिकवायची, घर तिच्या पगारावर चालणार होतं. ती म्हणाली, "कर एकदाचं. नाहीतर जन्मभर मलाच ऐकवशील."

शेवटी माय-लेकांचं ठरलं. एक वर्ष. तेवढ्यात एखाद्या परक्या माणसाचं काम मिळालं आणि ते त्याच्या पसंतीला उतरलं, तर ठीक. नाहीतर मुकाट्यानं कंपनीत परत. जुन्या साहेबांनी जागा धरून ठेवलीच होती. तोवर कालिंदीबाई शेजारीपाजारी सांगत, "वैजूचं घरून काम चालतं." आता याला खोटं तरी कसं म्हणावं? सिडकोतल्या त्यांच्या घराच्या पार्किंगमध्येच तर रंधा खरखरत असायचा, आणि तो सगळ्या गल्लीला ऐकू जायचा!

वर्ष सरत आलं. नातेवाइकांनी दयेपोटी सांगितलेले पाट-चौरंग सोडले, तर हाती काही नव्हतं. अशात शेंद्र्याहून तात्यासाहेब म्हणून कुणा अनोळखी गृहस्थांचा फोन आला. कुणाच्या तरी देवघरात त्यांनी वैजनाथचा चौरंग पाहिला होता.

"नात झाली बघा आमाला! लई वर्सांनी घरात लेकरू आलंय. बारशाला सागवानी पाळणा पायजे. जमंल का?"

"थोडं आधी सांगितलं असतं तर..."

"आधी? लेकरू व्हायच्या आधी पाळणा सांगतेत व्हय कुठं? काय बोलता राव!"

खरंच होतं ते. बाळ येण्याआधी पाळण्याचं नावही कुणी काढत नाही, म्हणजे पाळणा करणाऱ्यानं बारशापर्यंत जीव काढायचा. वैजनाथनं काढला. जेवायला हाका माराव्या लागत. पाळणा मात्र देखणा झाला. चार कोपऱ्यांना कड्या, कड्यांना पितळी साखळ्या, आणि त्या वर एकाच हुकात. बारशाच्या आदल्या दिवशी त्यानं तो पार्किंगमध्ये टांगला आणि वर पाणसळ ठेवली. बुडबुडा अगदी मधोमध! गडी खूश झाला, आणि झोका द्यायला हात पुढं करणार तोच मागून आई ओरडली.

"अरे, रिकामा पाळणा हलवतात का? अवलक्षणी कुठला!"

"आई, तपासायला नको?"

"मग काहीतरी निजव त्यात!"

पुटपुटतच त्या आत गेल्या आणि दुपट्यात गुंडाळलेला वरवंटा घेऊन आल्या. बारशाला बाळाच्या आधी वरवंटाच निजवतात, त्यांच्या हातून असे कितीतरी निजले असतील. बाळाचं डोकं येतं तिथं त्यांनी तो ठेवला. आणि पाळणा कलला की हो! डोकं खाली, पाय वर. वैजनाथचा चेहरा पांढरा पडला.

"तान्ह्या लेकराचं सगळं वजन डोक्यात असतं रे," कालिंदीबाई म्हणाल्या. "तू रिकामा पाळणा मापलास."

वैजनाथ मटकन खाली बसला. "संपलं, आई. उद्या बारसं आहे. जातो मी कंपनीत."

कालिंदीबाईंना वर्षभर हेच तर ऐकायचं होतं. पण लेकाचा तो पडलेला चेहरा बघून त्यांनी पदर खोचला.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "रडगाणं मागाहून गा. त्या पायाकडच्या कड्या डोक्याच्या अंगाला सरकव. मी बघते."

मग दुपारभर तो भोकं पाडत होता, जुनी भोकं खुंट्या ठोकून बुजवत होता, आणि आई पुन्हा पुन्हा वरवंटा निजवत होती. "अजून जरा... अजून... हां, बस!"

दुसऱ्या दिवशी त्या शेंद्र्यालाही आल्या. कशाला, तर म्हणे तू नीट टांगतोस की नाही बघायला. गाणी झाली, नाव ठेवलं, आणि पोर निजली तरी पाळणा जरासुद्धा कलला नाही. तात्यासाहेबांनी कडेवरून हात फिरवला. "झ्याक! लई झ्याक काम केलं, मिस्त्री!"

मिस्त्री! वैजनाथला इतकं भरून आलं, की त्यानं तोंड फिरवलं.

तेवढ्यात पाहुण्यांतल्या एका बाईंनी कालिंदीबाईंना सहज विचारलं, "तुमचे चिरंजीव काय करतात?"

वैजनाथनं कान टवकारले. कालिंदीबाईंनी पदर सारखा केला.

"सुतारकाम करतो," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. "हा पाळणा त्यानंच केलाय. वरवंटा मी निजवला होता."

परतीच्या वाटेला त्या स्कूटरवर मागं बसल्या. मग मागूनच म्हणाल्या, "त्या साहेबांना कळव बाबा. म्हणावं, ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. उगाच माणूस वाट बघतोय."

वैजनाथनं जालना रोडच्या कडेला स्कूटर थांबवली आणि तिथूनच फोन लावला.