पायाखालचं बटण

सोल्डरच्या राळेच्या धुरात हळदीचा वास मिसळला की तो दिवसभर नाकातून जात नाही. वैशाखातल्या दुपारी बोनकोड्याच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून ऊन टेबलावर उतरतं, खाडीकडून ओहोटीच्या चिखलाचा जड वारा येतो, आणि मी कुणाच्या तरी गिटारच्या पेडलचा तळ उघडून त्यातलं जुनं बटण काढत बसलेली असते. सोल्डरिंगचं तापलेलं टोक पत्र्याच्या फटीत साचलेल्या हळदीला लागतं, हळद करपते आणि लग्नघरातला तो मंगल गंध क्षणात कडवट होतो. हळदीच्या वासाने बायकांना माहेर आठवतं म्हणतात. मला बाळारामदादा आठवतात.

दादा करावे गावचे. साठीला टेकलेले, खाडीच्या पलीकडे हाक पोचेल असा आवाज, आणि उभी हयात हळदीच्या कार्यक्रमांत बेंजो वाजवण्यात गेलेली. त्या बेंजोला टाइपरायटरसारख्या कळा असतात. डावा हात कळांवर, उजवा तारांवर, म्हणजे दोन्ही हात गुंतलेले. त्यामुळे गाणं ऐन रंगात आलं की ढोल आणि ऑक्टोपॅडच्या गदारोळावर बेंजोचा आवाज धार देऊन चढवायचा तो पायाने. गिटारवाले वापरतात तीच विटेएवढी पत्र्याची पेटी पायाशी ठेवायची आणि तिच्यावरचं बटण दाबायचं. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. वाद्याला चपलेचा पाय कसा लावायचा, म्हणून दादा आधी चपला काढत, वाकून पेडलला हात लावत, तो कपाळाला नेत, आणि अनवाणी उभे राहत. ते उभे राहिले की मांडवातल्या म्हाताऱ्यासुद्धा पदर खोचत, असं मी ऐकलं आहे.

मी बावीस वर्षं महाप्याच्या एका कारखान्यात सोल्डरिंगच्या लाइनवर होते. कारखाना बंद झाला, हातातली कला तेवढी उरली, आणि आता गिटारवाल्यांची, बेंजोवाल्यांची पेडलं घरी दुरुस्त करते. दहातली आठ बटणापायीच येतात. त्यात नवल नाही. पेटीतले बाकीचे भाग आपापल्या जागी स्वस्थ बसलेले असतात. हलणारं, मार खाणारं काय ते हे एकटं, आणि त्याच्यावर माणूस आपला सगळा भार टाकतो. बरं, ते नवीन बसवतानाही जपावं लागतं. नऊ बारीक टोकं, एकेकाला सोल्डरचा डाग द्यायचा, आणि उष्णता क्षणभर जास्त झाली तरी आतलं प्लास्टिक मऊ होऊन बटण कोरं असतानाच आजारी होतं. पायाने मरण्याआधी ते दुरुस्त करणाऱ्याच्या हातून मरू शकतं, हे ज्याला माहीत असतं त्याला या कामात झोप नीट लागत नाही.

दादा पहिल्यांदा आले ते तुळशीचं लग्न होऊन लग्नसराई सुरू झाली तेव्हा. मी बटण बदललं. वरच्या पत्र्यावर हळदीकुंकवाचा लेप होता. प्रत्येक कार्यक्रमाआधी ते पेडलला कुंकवाचं बोट लावत. मी जरा झापलंच. "दादा, देवाला लावा, बेंजोला लावा, याला नको. भुकटी आत जाते."

"नाय लावत, ताई," ते ओशाळून म्हणाले.

महिन्याने पुन्हा हजर. बटण लागत नाही म्हणाले. मी पुन्हा बदललं. होळीनंतर तिसऱ्यांदा. तेव्हा बटणाभोवती काळपट लाल काहीतरी वाळलेलं होतं. ते स्पिरिटने निघेना, नखाने खरवडावं लागलं. कुंकू असं चिकटून बसत नाही, एवढं माझ्या बोटांना कळलं होतं. पण मी थकलेली होते, उकाडा होता, आणि या माणसाला एक गोष्ट दहादा सांगायची याचा मला कंटाळा आला होता. मी खरवडलं, बटण बदललं आणि पेडल देऊन टाकलं.

चौथ्या वेळी फोन आला तेव्हा मात्र मी हबकले. दादा म्हणाले, वाजवणाऱ्या पार्टीतली माणसं आता उघड बोलायला लागली आहेत, बाळारामचा बेंजो ऐन वेळी बसतो, पुढच्या हंगामात कीबोर्डवर भागवू. "ताई, या वक्ताला नीट करा. बेंजो गेला तर मी काय करनार, घरात बसून?" त्या संध्याकाळी मी डब्यातून त्यांची काढलेली तिन्ही बटणं शोधली. पहिल्यात हळद भरली होती, ते खरंच गेलेलं होतं. उरलेली दोन मीटरला लावून अंगठ्याने दाबत बसले. शंभरदा तरी दाबली असतील. एकदाही चुकली नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि तीही दोनदा. मग चोर कोण? माझे डाग? चष्म्याचा नंबर वाढला होता, हात पूर्वीइतका स्थिर नव्हता. आपल्या हातावरचा विश्वास उडाला की माणसाजवळ फार काही उरत नाही. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आले. मी पेडल फरशीवर ठेवलं, वायर जोडली आणि म्हटलं, माझ्यासमोर दाबून दाखवा. त्यांनी दाराशी चपला काढल्या, वाकून नमस्कार केला, उजवा पाय ठेवला. खट्‌ आवाज झाला, पेडलवरचा बारीक दिवा लागला. ते समोर भिंतीकडे पाहत होते, मांडवात लोकांकडे पाहावं तसे. क्षणभर थांबले आणि त्यांनी पुन्हा दाबलं. दिवा गेला.

"बघा," ते म्हणाले. "लागलाच नाय."

मी खाली पाहिलं. पेडलवर लाल डाग पडला होता, ओला. "दादा, पुन्हा कुंकू?"

"नाय हो ताई. तुमी सांगितलंत तवापासून एक बोट लावला नाय मी. आईशपथ."

आमचे अण्णा, माझे वडील, तुर्भ्याच्या मार्केटात पोती वाहायचे. साताऱ्याकडून आलेला धिप्पाड माणूस. एका संध्याकाळी ते कामावरून आले आणि मी पुसलेल्या लादीवर लाल ठसे उमटत गेले. कुठून चिखल तुडवत आले म्हणून मी करवादत पुन्हा लादी पुसायला घेतली. खिळा चपलेतून टाचेत शिरला होता आणि अण्णांना पत्ता नव्हता. साखरेच्या आजाराने पाय आधीच बधिर केला होता. पुढे बोट गेलं, मग पाऊल. फडकं माझ्या हातात होतं आणि मी रागावले होते, एवढंच मला त्या दिवसातलं लख्ख आठवतं.

"दादा, बसा. पाय वर करा," मी म्हटलं. तळव्यात, अंगठ्याच्या खाली, काचेचा तुकडा रुतलेला होता. शेजारी जुन्या जखमेचा खड्डा होता, कडा पांढऱ्या पडलेल्या. दादा आपल्या पायाकडे परक्याच्या पायाकडे पाहावं तसे पाहत राहिले.

"परवाच्या हळदीतला असंल," ते हळूच म्हणाले. "बलफ फुटला होता मांडवात. मना कलला पन नाय."

"बटण चांगलं आहे, दादा. तीनदा बदललं, त्यात दोनदा उगाच." मी पेडल बाजूला सरकवलं. "ते लागतं. तुम्हाला लागलेलं कळत नाही."

ढोलाशेजारी हयात गेलेल्या त्यांच्या कानांना ते बारीकसं खटकणंही पोचत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "म्हंजे बेंजो बसत नवता. मीच बंद करत होतो."

मी रिक्षा बोलावली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, आणखी पंधरा दिवस गेले असते तर काय झालं असतं ते स्पष्ट शब्दांत सांगितलं आणि विचारलं, घरात कुणाला साखर? दादा म्हणाले, ठाऊक नाही. मी शेजारी उभी होते. मला कुणी विचारलं नव्हतं. गेल्या वर्षी आमच्या डॉक्टरांनी मलाही रक्तातली साखर तपासायची चिठ्ठी लिहून दिली होती. ती सोल्डरच्या रिळाखाली टेबलावर आहे, तिच्यावर राळेचे थेंब पडून ती पिवळी झाली आहे.

दादांचा पाय वाचला. पण उघड्या पायाने पाऊल टाकायचं नाही, असं बजावलं आहे. परवा ते आले ते पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. दाराशी सवयीने थबकले, बूट काढायला वाकले, मग आठवलं. पेडलला नमस्कार करून ते पुटपुटले, "देवा, माफ कर, बुटानं दाबतो." मी पेडलवर लिंबाएवढा दिवा बसवला आहे. आता त्यांना खाली पाहून वाजवावं लागेल. लोकांकडे पाहायचं सोडून दिव्याकडे. "सवय होईल," असं मी म्हटलं, आणि ते बरं म्हणाले. आमचा दोघांचाही त्यावर फारसा विश्वास नव्हता.

काल दुपारी दुसऱ्या कुणाचं पेडल पुरं झालं. बटण बसवलं, अंगठ्याने तपासलं, ठीक होतं. बावीस वर्षं महाप्यात आणि नंतर इथे, मी प्रत्येक बटण हातानेच तपासत आले. काय मनात आलं कोण जाणे, ते फरशीवर ठेवलं, चप्पल काढली आणि उजवा पाय त्यावर टेकवला. खट्‌ झालं. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, खाडीचा वारा पडलेला होता. मी तशीच उभी राहिले. ते माझ्या पायाला कळलं होतं की कानाला, हे काही केल्या ठरेना.

मग मी दोन्ही कान हातांनी घट्ट झाकले, डोळे मिटले आणि पाय पुन्हा ठेवला.