तीन घरांच्या किल्ल्या

बुधवारी सकाळी सव्वासातला मी उज्जैनला उतरलो. काम एकच होते: मावशीला कायमचे पुण्याला न्यायचे. परतीची दोन तिकिटे गुरुवारची होती. मावशी निवृत्त शिक्षिका. यजमानांच्या बँकेतल्या नोकरीमुळे ती जळगावहून इथे आली आणि ते गेल्यावर एकटीच राहिली. मुलगा पुण्यात. होकार तिने फोनवर दिला होता.

टावर चौकात पोह्यांना गेलो. सोबत मावशी आणि तिचे शेजारी दुबेजी. वाफेवरचे पोहे, वर शेव आणि जीरावन (माळव्यातला चटपटीत मसाला), बाजूला जिलेबी.

"पूना में सेव नहीं डालते?" दुबेजींनी विचारले.

"ओलं खोबरं घालतो."

"मतलब परहेज़ का खाना."

"पुण्याची हवा मात्र छान आहे," मी म्हणालो.

"और पानी?"

"सोसायटीत टँकर येतो."

"हमारे यहाँ एक दिन छोड़के आता है, भिया. पर नल से आता है!"

"बस हं दुबेजी, भाचा आहे माझा," मावशी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तसं खरंच बोलतायत ते."

त्या दिवशी नळाची पाळी होती. पाणी दहाला येते, तेव्हा गल्लीतले बरेच जण नोकरीवर असतात. म्हणून ते जादा किल्ली शेजाऱ्यांकडेच ठेवतात. शेजाऱ्याने मोटर लावून टाकी भरायची. मावशीकडे अशा तीन घरांच्या किल्ल्या होत्या. टाक्या भरून तिने किल्ल्या दुबेजींपुढे धरल्या.

"मैं मोटर चालू करके सो जाता हूँ, बहनजी. मोहल्ला बह जाएगा."

"मग मी जाऊच नको का?"

"कल देना," दुबेजी म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी ते शेवेचा पुडा घेऊन स्टेशनवर आले. गाडी हलेपर्यंत दोघे बोलत होते. नागदा स्टेशन यायच्या आधी मावशीने चष्म्यासाठी पर्स उघडली. किल्ल्या आतच होत्या. तिने फोन लावला.

"तो उतर जाओ," पलीकडून दुबेजी म्हणाले. "कल पानी का दिन है."

"मी उतरते रे," मावशी मला म्हणाली. "घरी मीच सांगेन, तू मध्ये पडू नकोस."

नागद्याला मी तिची बॅग खाली दिली. पुण्याला एकटाच पोचलो.

शुक्रवारी अकराच्या सुमारास तिचा मेसेज आला: तिन्ही टाक्या भरल्या. मावसभावाने तिचे नवे तिकीट अजून काढलेले नाही.