अंगठ्याची जागा

खाडीकाठच्या उत्खननात शिंपल्यांच्या ढिगात सापडलेला हाडाचा एक तुकडा आठ दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. बोटाएवढा, एका बाजूला टोकदार. पाकिटावर 'भाल्याचं टोक' असं लिहून आम्ही मोकळे झालो होतो. काल त्याच खाडीकाठच्या गावातल्या, जन्मभर जाळी विणलेल्या पार्वतीकाकी प्रयोगशाळा बघायला आल्या. त्यांनी तो तुकडा सरळ हातात धरला आणि हसल्या. "भालो खयचो गो? ह्येना जाळ्याची गाठ सोडवतत. आंगठो बघ, हयसर बसता."

भिंगाखाली पाहिलं. नेमकं तिथंच हाड झिजून चकचकीत झालं होतं. ते वापरणारी कोण होती, कुणाची होती, काही उरलं नाही. अंगठा उरला.

असं हाड आम्ही कधी घासून धूत नाही. ब्रशचे ओरखडे उठतात, आणि मग वापरणाऱ्याच्या हाताच्या खुणा कुठल्या नि आपल्या कुठल्या, तेच कळेनासं होतं. विद्यार्थ्यांना हे मी दरवर्षी बजावते.

आई गेली तेव्हा मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा काहीतरी करायचं म्हणून मी तिचं लाटणं काथ्यानं खसाखसा घासलं आणि उन्हात ठेवलं.

आज ते पिशवीत घालून इथं आणलं. तिची मूठ जिथं बसायची, ती जागा भिंगाखाली धरली. बराच वेळ पाहत राहिले. सगळे ओरखडे माझे होते.