न्यू जर्सीचा भोंगा

माधवनगरच्या गिरणीचा भोंगा भूपालअण्णांनी एकतीस वर्षं वाजवला. गिरणी बंद पडली, अण्णा पलूसला परतले. पण मनगटावरच्या घड्याळाला किल्ली दिल्याशिवाय त्यांचा दिवस आजही सुरू होत नाही.

गेल्या कार्तिकात अष्टाह्निका, जैनांचं आठ दिवसांचं व्रताचं पर्व, आलं. त्या आठ दिवसांत त्यांची बायको आक्काताई एकदाच जेवते. त्या खेपेला तिनं नियम धरला होता, अमेरिकेत न्यू जर्सीला एकटी राहणारी नात प्राची फोनवर पहिला घास घेईल, मगच आपलं ताट. प्राचीच्या घड्याळात सकाळचे पावणेआठ, तेव्हा इथं संध्याकाळचे सव्वापाच. दिवस मावळला की घास नाही, पाणीही नाही. आणि आक्काताईचं वय शहात्तर.

अण्णांना फाल्गुन आठवत होता. एका रविवारी प्राचीचा फोन तासभर आधीच आला होता, भात चुलीवर असताना. तिकडं मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढं करतात, हिवाळ्याच्या तोंडाला पहिल्या रविवारी पुन्हा मागं घेतात, असं नातीनं तेव्हा सांगितलं होतं.

पहिला रविवार अण्णांनी कार्तिकाचा धरला. त्या दिवशी ते फोनपुढं बसून राहिले, तर फोन रोजच्याच वेळी आला. आक्काताई हसली.

"आवं, त्यांचं घड्याळ आपल्या तिथीवर चालतंय व्हय?"

मग कळलं, रविवार नोव्हेंबरचा. म्हणजे ऐन अष्टाह्निकेत.

पुण्याहून मुलगा गोमटेश म्हणाला, "अण्णा, फोन आपोआप वेळ बदलतो. काळजी नको."

"तीच तर काळजी हाय रं."

घड्याळ मागं पडलं की भोंगा उशिरा होतो, हे ते एकदा साऱ्या गिरणीच्या शिव्या खाऊन शिकले होते. प्राचीचा गजर पावणेआठलाच होणार, पण इथं तेव्हा सव्वासहा. सूर्य मावळलेला.

शनिवारी त्यांनी नातीला सांगितलं, "उद्या पावणेसातला बस, पोरी."

"अण्णा, वर्षातनं एकदाच तासभर जास्त झोपायला मिळतं."

"तो तास आज्जीच्या ताटातला हाय."



रविवारी सव्वापाच वाजले. फोन गप्प. साडेपाच झाले. ऊन उसाच्या तुऱ्यांवर टेकलं. आक्काताईनं ताटावर झाकण घातलं.

"असू दे. दमली असंल लेकरू."

अण्णा घड्याळाकडं बघत राहिले. पावणेसहाला फोन वाजला. पडद्यावर प्राची, केस विस्कटलेले, गालाला पीठ लागलेलं.

"आज्जी, सहालाच उठले. भाकरी थापली, तीन मोडल्या, चौथी जमली बघ." तिनं तुकडा मोडून तोंडात घातला.

आक्काताई जेवली. शेवटचा घोट घेतला तेव्हा भिंतीवर बोटभर ऊन होतं. तिनं फोनला हात जोडले, मग अण्णांना.

"आज तुमचा भोंगा लय लांब ऐकू गेला."

एकतीस वर्षांत भोंग्याला कुणी हात जोडले नव्हते. अण्णांनी त्या दिवशी घड्याळाला दुसऱ्यांदा किल्ली दिली.